माझ्या पायावरची खपली

घरात कुठंतरी उंदीर मेलाय, असं सागरला वाटत होतं. सागर माझा मुलगा. रांजणगावच्या कंपनीत कामाला आहे. पाळी संपवून घरी आला की चप्पल काढायच्या आधी नाक वर करून घरभर फिरायचा. एका रविवारी त्यानं मनावरच घेतलं. बाजरीची पोती हलवली, कपाट पुढं ओढलं, माळ्यावरची जुनी बारदानं खाली टाकली. मीही त्याच्याबरोबर शोधत होतो. बॅटरी हातात धरून त्याला कोपरे दाखवत होतो, पोत्याच्या मागं बघ, कपाटाच्या खाली बघ, म्हणत होतो. उंदीर काही सापडला नाही. सापडणार कुठून? वास माझ्या उजव्या पायाला येत होता आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

हे लिहिताना आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. स्वतःचा पाय सडत असताना पोराला उंदीर शोधायला लावणारा बाप मी. पोरगा घामाघूम झाला, त्याचा सुट्टीचा दिवस गेला, आणि शेवटी मीच म्हणालो, "भिंतीत मेला आसंल, वाळला की वास जाईल." इतकं खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही.

तुमच्या घरात कुणी असा उंदीर शोधत असेल आणि तो कुठं आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय.

मेंढरांचा डॉक्टर

आम्ही धनगर. आजोबा आणि वडील मेंढरं घेऊन फिरायचे, मीही लहानपणी त्यांच्यामागं फिरलो. आता सगळे एका जागी बसलोय. निमोण्याच्या शिवारात शेती आहे, कांदा आणि बाजरी करतो. थोडी मेंढरं अजून दारात आहेत, ती माझ्या हौसेखातर.

मेंढराच्या पायाचं मला कळतं, असा माझा लौकिक. पावसाळ्यात चिखलात राहून मेंढराचं खूर सडतं. मग त्याला उताणं पाडायचं, मांडीत दाबून धरायचं आणि सडलेलं खूर धारदार चाकूनं तासायचं. कातडीला जखम होऊन किडे पडले तर टर्पेंटाईन ओतायचं, सीताफळाचा पाला वाटून भरायचा, वरून जनावरांचा फवारा मारायचा. दोनचार दिवसांत जखम सुकते, काळी खपली धरते. एकदा खपली धरली की तिला हात लावायचा नाही. खाली नवी कातडी येते आणि खपली आपली आपण गळून पडते. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून लोक मला बोलवायचे. चेष्टेत मेंढरांचा डॉक्टर म्हणायचे आणि मी आतून फुगायचो.

मला साखर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्या होत्या, आठवण झाली की घ्यायचो. चहा बिनसाखरेचा प्यायचो आणि लग्नात बुंदी दिसली की सगळं विसरायचो. पाय हळूहळू बधिर होत गेले. एकदा विहिरीवरून घरी आलो तर सुनेनं विचारलं, "मामा, एक चप्पल कुठंय?" खाली पाहिलं तर एकच पाय चपलेत. दुसरी वाटेत चिखलात राहिली होती आणि मी अनवाणी एवढं चालत आलो होतो. मी हसण्यावारी नेलं. म्हातारपण आलं, म्हणालो.

पुढं कधीतरी अंगठ्याच्या खाली, तळव्याला फोड आला. कशानं आला, देव जाणे. दुखत नव्हता. फुटला आणि तिथं खड्डा पडला. मी दाढीचा आरसा खाली धरून पाहिला. माणसाच्या डॉक्टरकडं जायचं मनातही आलं नाही. फडताळातला जनावरांचा फवारा काढला आणि मारला. चंदेरी रंग बसला. काही दिवसांत जखम सुकली, कडेनं काळी पडली, मग सगळीच काळी झाली. खपली धरली. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. रोज दार लावून आरशात ती खपली बघायचो. मनात म्हणायचो, आपल्या हाताला गुण आहे.

वाऱ्याच्या खालच्या अंगाला

मग वास सुरू झाला. आधी मोजा काढल्यावर यायचा, नंतर मोजा घातलेला असतानाही. मी उन्हाळ्यात बूटमोजे घालून बसू लागलो. धनगराच्या पोराला वारा कुठून कुठं वाहतो ते शिकवावं लागत नाही. चारचौघांत बसायची वेळ आली की मी वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसायचो, म्हणजे वास माझ्याकडून लोकांकडं जायचा नाही. देवळातल्या भजनाला गेलो तर पायरीवर, चपलांच्या ढिगाजवळ. कुणी आत बोलावलं तर गुडघा दुखतो म्हणायचो. खोलीत धूप लावायचो. सून म्हणाली, मामा फार देवभोळे झालेत आताशा.

कुणालाच का सांगितलं नाही, हे मला नंतर सगळ्यांनी विचारलं. अगदी खरं सांगायचं तर लाज वाटली. दुसऱ्यांच्या मेंढरांचे पाय बरे करणाऱ्याचाच पाय सडला, हे कळलं तर लोक किती हसतील, ही पहिली लाज. दुसरी लाज सुनेची. माझी बायको जाऊन काही वर्षं झाली. घर सुनेच्या हातात. अश्विनी तिचं नाव. स्वभावानं कमी बोलणारी, हाताची स्वच्छ. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. चहा आणला तर हातात देणार नाही, स्टुलावर ठेवून बाजूला होणार. माझ्यासमोर ती कधी बाजेवर किंवा खुर्चीवर बसलेली मला आठवत नाही. तिच्यासमोर मोजा काढून पाय दाखवायचा, हा विचारसुद्धा सहन होत नव्हता.

दवाखान्यात

एक दिवस मेंढरांना पाला टाकताना हुडहुडी भरली आणि मी गव्हाणीपाशीच कोसळलो. अंग चुलीसारखं तापलं होतं. सागरनं उचलून गाडीत घातलं आणि शिरूरच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सिस्टरनं बूट काढला. मोजा निघेना, कातडीला चिकटला होता. तिनं तो कात्रीनं कापला. मग तिचा हात थांबला आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली. मी कोपरावर उठून पाहिलं.

जखमेत पांढरं काहीतरी वळवळत होतं. ते काय आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते मी जन्मभर मेंढरांच्या अंगातून वेचून काढले आहेत.

मेंढराला किडे पडले तर आम्ही औषध शोधतो. माणसाला पडले तर त्याचं पाप शोधतो. आमच्याकडं बायका भांडणात तळतळाट देतात, तुझ्या अंगात किडं पडतील. ज्यानं कुणाचं तरी मोठं वाटोळं केलं त्यालाच ते पडतात, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. तापानं डोकं भणभणत होतं आणि त्याच डोक्यात मी शोधत होतो, कुणाचं काय केलं मी? बांधावरून एकाशी भांडलो होतो ते आठवलं. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर खेकसलो होतो ते आठवलं.

सागर दाराशी उभा होता. त्यानं पाय पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. एवढंच म्हणाला, "तात्या, आपण उंदीर शोधत व्हतो." आणि बाहेर निघून गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना हात जोडले. म्हणालो, पायाचं काय करायचं ते करा, पण किड्यांचं कुणाला सांगू नका. त्या माझ्या उशाशी आल्या.

"मी कुणाला सांगणार नाही, पण तुम्ही एक ऐका," त्या म्हणाल्या. "किड्यांनी तुमचं काही बिघडवलं नाही. ते मेलेलं मांस खातात. मांस आधीच मेलं होतं, खरी अडचण ती आहे. आणि ही खपली नाही. ही मेलेली कातडी आहे. तिचं झाकण बसलंय आणि आत पू साठलाय. झाकण काढल्याशिवाय हा पाय बरा होणार नाही."

ज्या खपलीकडं मी महिनाभर कौतुकानं पाहत होतो, तिच्याबद्दल त्या बोलत होत्या. मी तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुखलं की सांगा

पहिल्यांदा भूल देऊन साफ केलं. त्यात अंगठ्याशेजारचं बोट गेलं, हाडापर्यंत सडलं होतं. पाय राहील की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सागरला स्पष्ट सांगितलं. मेलेलं मांस एकदा काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा काढावं लागतं. पुढची साफसफाई त्या पलंगावरच करायच्या. हातात छोटी सुरी आणि चिमटा, शेजारी सिस्टर तसराळं धरून.

"दुखलं की सांगा," त्या म्हणायच्या. मला काहीच कळायचं नाही. मी छताच्या पंख्याकडं बघत पडायचो आणि तसराळ्यात काहीतरी टाकल्याचा बारीक आवाज ऐकायचो. आपल्याच अंगाचा तुकडा पडतोय आणि आपल्याला पत्ता नाही, हे फार वाईट वाटायचं.

मी मेंढरांचे पाय बघतो हे सागरनं त्यांना सांगितलं होतं. एकदा काम करता करता त्यांनी विचारलं, "खूर तासताना तुम्ही कुठं थांबता?"

"लाल ठिपका दिसला की," मी म्हणालो. "त्येच्या फुडं जित्तं असतं."

"मीही तिथंच थांबणार आहे. फक्त तुमचा लाल ठिपका अजून मला सापडायचाय."

सडलेलं काढून टाकल्याशिवाय पाय सुधारत नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. खुराच्या बाबतीत ते मी रोज करत होतो. स्वतःच्या तळव्याला मात्र कातडीची जखम समजून वर फवारा मारून बसलो. मांडीत दाबून धरलेल्या मेंढराचा मी जितका विचार करायचो, तितकाही स्वतःचा केला नाही.

मग एका सकाळी सुरी टेकली आणि मी ओरडलो. चांगला मोठ्यानं, शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसेल इतका. डॉक्टरांनी हात थांबवला. कापसावर लाल रक्त आलं होतं. सिस्टर हसत होती. डॉक्टर म्हणाल्या, छान, इथून पुढं जिवंत आहे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, काही दुखण्याचं आणि काही कशाचं ते मलाच समजत नव्हतं.

कॉफी

वॉर्डातल्या दिवसांचं फार सांगण्यासारखं नाही. सकाळी ताप बघायचे, बोट टोचून साखर बघायचे, मग पट्टी. पट्टी सोडली की वास सुटायचा. शेजारच्या पेशंटची बायको तोंडाला पदर लावून व्हरांड्यात जायची. एकदा तिनं सिस्टरला हळू आवाजात विचारलं की आमचा पलंग दुसरीकडं हलवता येईल का. मला ऐकू गेलं. तिचं काही चुकलं नव्हतं, पण त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं एका वाटीत कॉफीची पूड आणून माझ्या पलंगाखाली ठेवली. वास ओढून घेते म्हणाली. आणि खरंच, वॉर्डात कॉफीचा घमघमाट सुटला. कुणा पेशंटचा नातेवाईक येऊन विचारून गेला, इथं कॉफी कुठं मिळते. सिस्टरनं त्याला चेहरा सरळ ठेवून खालच्या कॅन्टीनला पाठवलं. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

भेटायला लोक यायचे. प्रत्येकाला मी सांगायचो, ठेच लागली, साखरेमुळं चिघळलं. मुलगी रेखा दौंड तालुक्यातल्या राहू गावात दिलीय, ती आली, तिलाही तेच सांगितलं. ती पायाजवळ बसून रडत होती आणि मी तिला ठेचेची गोष्ट रंगवून सांगत होतो. सागर शेजारी उभा होता, तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. किड्यांची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती आणि माझ्या खोट्याला होही म्हटलं नाही.

पाय कापा

घरी सोडायचं ठरलं तेव्हा खरा प्रश्न आला. जखम रोज मिठाच्या पाण्यानं धुवायची, वर मऊ पिवळा थर धरतो तो जाळीच्या कापडानं पुसून काढायचा, मग नवी पट्टी. यात खंड पडला तर मेलेलं पुन्हा साठणार आणि मग पाय घालवावा लागणार. मला माझा तळवा दिसत नाही. सागरला शिकवायचं ठरलं. त्यानं प्रयत्न केला, पोराला दोष नाही. पट्टी सोडल्यावर तो पांढराफटक पडला आणि भिंतीला टेकून खालीच बसला. शिवाय त्याच्या पाळ्या, कधी दिवस कधी रात्र.

"घरी आणखी कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

सागर म्हणाला, माझी मिसेस आहे. डॉक्टर म्हणाल्या, मग तिला आणा, मी शिकवते.

मी उठून बसलो. "डॉक्टर, पाय कापा," मी म्हणालो. "गुडघ्यापासून कापा. पर सुनंला दाखवू नका."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्हाला पाय नकोय का?"

"पायजे. पर आसा नको."

हे मी शुद्धीत बोललो होतो. ताप नव्हता, भूल नव्हती. जी पोरगी माझ्या हातात चहा देत नाही तिच्या मांडीवर माझा सडका पाय ठेवायचा, त्यापेक्षा लाकडी पाय परवडला, असं मला मनापासून वाटत होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. उद्यापर्यंत विचार करा म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडं गेल्या. सागरनं मात्र हात टेकले.

दुपारी अश्विनी डबा घेऊन आली. एरवी ती डबा टेबलावर ठेवून दाराशी उभी राहायची. त्या दिवशी तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. सागरनं तिला सगळं सांगितलं असणार. मी चादर पायावर ओढून घेतली.

"मामा, मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"वास. उंदराचा न्हाई त्ये मला पयल्यापासनं म्हाईत व्हतं. तुमचं अंथरूण धुताना कळलं. चादरीला डाग असायचं." ती खाली बघून बोलत होती. "पर सासऱ्याला कसं म्हणायचं, तुमच्या अंगाला वास येतो म्हणून? मी तुमची बाज वट्यावर टाकली. आत उकडतंय म्हणलं. ह्यांनाबी बोलले न्हाई. म्हणत्याल, सासऱ्याला नावं ठिवती."

मला ती बाज आठवली. सून किती काळजी घेते म्हणून मी वस्तीवर कौतुक केलं होतं.

"ह्ये उंदीर शोधत व्हते आन् मी चुलीपाशी बसून ऐकत व्हते," ती म्हणाली. "तवाच तोंड उघडलं आसतं तर तुमचं बोट गेलं नसतं, मामा. मला झोप लागत न्हाई."

इतके दिवस मला वाटत होतं की माझी लाज मी एकट्यानं झाकून ठेवलीय. ती तर तिनंही माझ्यासाठी झाकली होती, आणि आता माझ्या तुटलेल्या बोटाचा दोष स्वतःकडं घेऊन बसली होती. मी माझी अब्रू सांभाळत बसलो आणि त्याची शिक्षा या पोरीला. त्या क्षणी मला माझ्या पायाची जेवढी लाज वाटत होती त्याच्या कितीतरी पट स्वतःची वाटली. तुझा काही दोष नाही, असं म्हणायला पाहिजे होतं.

मी पायावरची चादर काढली. "सिस्टरला बोलव," मी म्हणालो. "आन् तूबी हितंच थांब."

पदर

पहिल्या पट्टीच्या वेळी अश्विनीला उलटी झाली. हे लपवण्यात अर्थ नाही. ती तोंड दाबून बाहेर पळाली, मला आवाज आला, आणि मला वाटलं की मी म्हणत होतो तेच बरोबर होतं. पण ती तोंड धुऊन परत आली, हात धुतले, हातमोजे चढवले आणि सिस्टरला म्हणाली, परत दाखवा. मी डोळ्यांवर हात घेऊन पडलो होतो. तिनं विचारलं, "मामा, दुखतंय का?" दुखत होतं. तसं सांगितलं.

घरी आल्यावर रोज सकाळी सैपाक उरकला की ती ओट्यावर पाट मांडायची, मी खुर्चीत, ती खाली. पदर सारखा पुढं यायचा आणि पट्टीवर पडायचा. दोनदा तसं झाल्यावर तिनं तो काढून कमरेला खोचला. लग्न होऊन घरात आल्यापासून तिचं डोकं मी पहिल्यांदा उघडं पाहिलं. मी रस्त्याकडं बघत बसलो आणि ती पायाकडं. शेजारची म्हातारी एकदा बघून गेली आणि दोन दिवस वस्तीवर तेवढाच विषय होता. अश्विनीनं पदर काही पुन्हा घेतला नाही.

हळूहळू ती तरबेज झाली. आज पिवळं कमी आहे, आज कडेला लाल दाणे आलेत, काल चुकून गोड खाल्लं ना तुम्ही, असं सांगायची. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या पाटाशी बोललो, आणि तेही पायाबद्दलच. लाज गेली का, असं कुणी विचारेल. नाही गेली. रोज पट्टी सुटताना मी मान फिरवायचो, ते शेवटपर्यंत. लाज वाटत असतानाही पाय पुढं करता येतो, इतकंच मला कळलं.

जखम भरायला फार काळ लागला. मध्ये दोनदा शिरूरला जाऊन पुन्हा मेलेलं काढावं लागलं. आता तिथं गुलाबी, पातळ कातडी आहे. डॉक्टरांनी सांगितलेले मऊ तळाचे बूट घालतो, अनवाणी पाऊल टाकत नाही. फवाऱ्याची बाटली मेंढरांच्या गोठ्यात ठेवलीय. ज्यांना साखर आहे त्यांनी रोज तळवा बघा. दिसत नसेल तर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. काळी खपली दिसली आणि दुखत नसेल, तर खूश होऊ नका. एवढं सांगायचा मला अधिकार आहे.

राहूला

गेल्या महिन्यात रेखाच्या धाकट्याचं जावळ होतं, म्हणून आम्ही सगळे राहूला गेलो. रेखाचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणतात, पंचक्रोशीत मानाचा माणूस. मुलीचा बाप म्हणून त्यांच्या घरात मी आजवर कधी मीठसुद्धा मागून घेतलं नाही. जेवणं झाल्यावर आम्ही मंडपात खाटेवर शेजारी शेजारी बसलो. पाहुणे पानसुपारी करत होते. आबांनी डाव्या पायात मोजा घातला होता, उजवा पाय उघडा. वारा फिरला आणि मला वास आला.

तो वास मी कुठंही ओळखीन. मी इकडंतिकडं पाहिलं. पाण्याचा जग घेऊन फिरणारी अश्विनी आमच्याजवळ थांबली होती. तिनं त्या मोज्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि जग हातात धरून तशीच उभी राहिली.

मुलीच्या बापानं व्याह्याला चारचौघांत असं काही बोलायचं नसतं. रेखाला या घरात जन्म काढायचा आहे. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं.

"आबा, पायाला काय झालंय?" मी विचारलं.

"काटा मोडला व्हता. बरा झाला. खपली धरलीय," ते म्हणाले.

"आबा, वास येतोय."

पानसुपारी करणारे पाहुणे आमच्याकडं वळून बघू लागले. रेखा दारात उभी होती, तिचा चेहरा उतरला. आबांनी पाय खाटेखाली ओढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि रागाच्या खाली जे होतं ते मला नीट ओळखता आलं.

"माझी ठेच खोटी व्हती," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, कारण हळू बोललो असतो तर बोलता आलं नसतं. "माझ्या पायात किडं पडलं व्हतं, आबा. घरात वास यायचा आन् मी पोराला उंदीर शोधाया लावला. बोट गेलं. पाय जाता जाता ऱ्हायला."

मी खाटेवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात पुढं केला. आबा माझ्या हाताकडं बघत राहिले. मग त्यांनी खाटेखालून पाय हळूच पुढं सरकवला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

मी सागरला गाडी काढायला सांगितलं.